भिंतीकडं बघणारी महामाया

मी जळतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको की शिवमूर्ती, त्या बाईबद्दल तू असं तिरकं का बोलतोस. महामाया सोनकांबळेनं माझ्या दुकानासमोर दुकान टाकलं, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखून राहिलंय, आणि त्याच्यावर ओवा चावून काही उपयोग न्हाई.

जळकोटच्या बसस्टँडजवळ माझं ऑनलाईन सेंटर चौदा वर्षांपासून हाय. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पोरांचे ॲडमिशनचे फॉर्म, सगळं. लोकांचे ईमेल मीच काढून दिले, पासवर्ड मीच टाकले. सगळ्यांना एकच: जळकोट, मग ॲटची खूण, मग एक दोन तीन. लोक विसरतात, मी विसरत न्हाई. तरी एका जाड लाल रजिस्टरात नावनिशी सगळं लिहून ठेवलेलं. फॉर्मातल्या मोबाईल नंबरच्या रकान्यातही बऱ्याच जणांच्या नावापुढं माझाच नंबर. काय करणार? कुणाचं रिचार्ज संपलेलं, कुणाला आकडे वाचता येत न्हाईत. त्यामुळं अर्ध्या तालुक्याचे ओटीपी माझ्या फोनवर येतात. कुणी फोन करून विचारलं की मी सहा आकडे सांगतो आणि पुढचं गिऱ्हाईक बघतो. कुणाचा, कशाचा, एवढं बघायला वेळ कुणाला हाय? लोक म्हणायचे, शिवमूर्तीला विचारा, त्याला सगळं मालूम असतंय. ते ऐकायला मला लई गोड लागायचं.

दोन वर्षांखाली ही महामाया आली. पस्तिशीची बाई, जाड चष्मा, बोलणं कमी. लातूरला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात आठ वर्षं पोरांचे फॉर्म भरायचं काम केलेली. आईचे गुडघे गेले म्हणून गावाकडं परतली. दुकान कसलं, टपरीच ती! एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. उद्घाटनाचा पेढा मी हसत हसत खाल्ला आणि मनात म्हटलं, सहा महिने टिकली तर नाव बदलीन.

तिची एक खोड होती. पासवर्ड टाकायची वेळ आली की ही बाई कीबोर्ड गिऱ्हाइकापुढं सरकवायची आणि स्वतः तोंड फिरवून भिंतीकडं बघत बसायची. "मला दाखवू नका. तुमचा तुम्ही टाका. घरी जाऊन वहीत लिहा आणि वही पेटीत ठेवा." एकाचा पासवर्ड दुसऱ्याला चालू द्यायची न्हाई, आणि एका माणसाला बी दोन ठिकाणी एकच ठेवू द्यायची न्हाई. नंबर ज्याचा त्याचा. कीबोर्डवर इंग्रजी अक्षरांशेजारी मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, म्हणजे चौथी शिकलेल्या बाईला बी एकेक बटण हुडकता यावं. अर्धा अर्धा तास जायचा. तेवढ्यात माझे पाच फॉर्म व्हायचे. मी माझ्या दारात उभं राहून खदाखदा हसायचो.

एक दिवस वांजरवाड्याच्या गुणाबाई माझ्या दुकानात आल्या. माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक.

"शिवमूर्ती, त्या रजिस्टरातलं माझं नाव खोड."

"का मावशी? माझं काय चुकलं?"

"तुझं काय चुकलं न्हाई रे बाबा. मी माझा पासवर्ड केलाय आता. माझ्या म्हशी हायत ना, ज्या वळीनं घेतल्या त्या वळीनं त्यांची... अगं बया! सांगायलेच की!" आणि म्हातारीनं पदर तोंडावर दाबला. "सांगायचं नसतंय ते. मालकाला बी सांगितलं न्हाई मी."

हे बोलताना तिच्या तोंडावर जी ऐट होती! सत्तरीची बाई, जल्मात पहिल्यांदा तिच्यापाशी एक गोष्ट होती जी फक्त तिची. चौदा वर्षांत माझ्या दुकानातून कुणी असं ऐटीत बाहेर पडलं न्हाई. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नाव खोडायला पेन टेकवला तर एवढ्या जोरात टेकवला की कागदच फाटला.

मग रोजचंच झालं. आज एकजण नाव खोडायला सांगणार, उद्या दुसरा. समोर तिच्या दारात रांग, आणि मी आपला पेपर वाचल्याचं सोंग करून राहिलेलो.

एवढंही मी गिळलं असतं. पण माझी तनुजा! एकुलती एक पोरगी. लातूरला बारावी झाली, मार्क चांगले पडले, आता तिला शेतीच्या कॉलेजला जायचं. कॉलेज पाहिजे परभणीचं. मी म्हटलं, लातूरला बी हाय की, दर शनिवारी घरी येशील. ती म्हणाली, "मला परभणीच पाहिजे, पप्पा." आणि मग सुरू, महामायाताई असं म्हणतात, महामायाताई तसं म्हणतात. ताटात भाकरी वाढताना बी महामायाताई!

एकदा म्हणाली, "लातूरच्या त्या क्लासमध्ये सगळ्या वर्गाचा पासवर्ड एकच होता. एका पोरीचा फॉर्म दुसरीनं उघडून पसंतीनं लावलेली कॉलेजची नावं खालीवर केली. तिचं वर्ष गेलं. तवापासून ताई कुणाचाच पासवर्ड बघत न्हाईत."

"माझ्याकडं असलं कधी झालं न्हाई," मी फटकन बोललो.

आणि दुसऱ्या दिवशी मीच केलं. तनुजाच्या फॉर्मचा पासवर्ड तोच, जळकोट एक दोन तीन. उघडला, परभणी खाली घेतली, लातूर वर टाकलं. दोन मिनिटांचं काम. बापानं केलं तर त्याला काय चोरी म्हणायची? असं मी मला समजावलं. तनुजा काही बोलली न्हाई. मला वाटलं, तिनं बघितलंच नसंल.

फॉर्म पक्का करायची शेवटची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची होती. पाचनंतर जे वर असंल ते वर. दुपारी दोनला मी म्हटलं, आपणच पक्का करून मोकळं व्हावं. पासवर्ड टाकला. चुकीचा. परत टाकला. चुकीचा. म्हटलं, ओटीपी मागवून नवा करू. तर ओटीपी माझ्या फोनवर येईचना. स्क्रीनवर नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसले, ते तनुजाच्या फोनचे होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चप्पलही न घालता रस्ता ओलांडून गेलो. महामायेच्या दारात सात-आठ माणसं होती, सगळ्यांदेखत ओरडलो, "माझ्या पोरीचा पासवर्ड काय ठेवलास, सांग!"

महामाया उठून उभी राहिली. "भाऊ, मला माहीत न्हाई."

"खोटं बोलू नको. तुझ्याच इथं बदललाय ना?"

"हाव, इथंच. पण तिनं टाकला तवा मी भिंतीकडं बघत होते."

"आणि नंबर कसा बदलला? त्याला जुन्या नंबरवरचा ओटीपी लागतो. तो माझ्याकडं येतो!"

तिनं आवाज खाली आणला, रांगेतल्या लोकांना ऐकू जाऊ नये इतका. "मंगळवारी तनुजानं इथूनच तुम्हाला फोन केला, भाऊ. पप्पा, ओटीपी आलाय का म्हणून. तुम्हीच आकडे सांगितले. मला वाटलं, तुमच्या मर्जीनंच चाललंय."

मंगळवार मला आठवला. दुकान भरलेलं, फोन वाजला, मी सहा आकडे वाचून दाखवले आणि फोन ठेवला. कशाचे, ते बघितलंसुद्धा न्हाई. घरची पोर हाय म्हणून न्हाई, मी कुणाचंच बघत न्हाई.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बरं, बाईवर आरडावं तर कशावर? मारून टाकलं असतं तरी तिला पासवर्ड सांगता आला नसता. तिला खरंच माहीत नव्हता! आमच्या धंद्यात 'मला माहीत न्हाई' म्हणायची लाज वाटते, आणि ही बाई तेवढंच म्हणून लोकांच्या मनात बसली होती. एवढा हेवा मला जल्मात कुणाचा वाटला न्हाई.

परत येऊन बसलो. चारला तनुजा आली. माझ्या दुकानात आली! माझं काळीज सुपाएवढं झालं. शेवटी पोरगी बापाकडंच येणार की.

तरी विचारलं, "तिच्याकडं न्हाई गेलीस?"

"गेले होते. तिथं लई गर्दी हाय, पप्पा. पाचच्या आत व्हायला पाहिजे."

मी उठलो आणि माझी खुर्ची तिला दिली. तिनं साईट उघडली, कीबोर्डवर हात ठेवला आणि थांबली.

"पप्पा, तिकडं बघा."

"अगं, बाप हाय मी तुझा!"

"लातूर वर कुणी टाकलं होतं, मला माहीत हाय," ती म्हणाली. आवाज चढवला न्हाई, रडली न्हाई. "तिकडं बघा."

मी भिंतीकडं तोंड केलं. तिथं पासपोर्ट फोटोसाठी लावलेला पांढरा कपडा हाय. चौदा वर्षं मी लोकांना त्याच्यापुढं बसवतो, स्वतः कधी नीट बघितला नव्हता. लई मळला होता. मागं बटणांचा आवाज सुरू झाला. सवयीनं माझे कान मोजायला लागले, एक, दोन, तीन. अकरापर्यंत मोजलं. मग माझी मलाच शरम वाटली आणि मोजायचं सोडलं.

"झालं," ती म्हणाली.

प्रिंटरमधून कागद आला. पहिल्या ओळीत परभणी. तनुजानं तो घडी घालून पिशवीत ठेवला, दारापर्यंत गेली आणि मागं वळली.

"पप्पा, रजिस्टरातलं माझं नाव खोडा."

मी रजिस्टर काढलं आणि तिच्यासमोर खोडलं. हळू खोडलं, कागद फाटू दिला न्हाई.