गुत्तोर्म म्हणाला, ठणठणीत आहे

ओडवारला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि तेवढीच मिळत नव्हती. मोसमाच्या पहिल्या स्की शर्यतीत त्याला गुत्तोर्मला हरवायचं होतं. बाकी सगळं मिळालं होतं. चांगली बायको मिळाली, बस चालवायची नोकरी मिळाली, निवृत्तीनंतर गुडघेही शाबूत राहिले. फेब्रुवारीत, बर्फ कमरेएवढा असताना, त्याने गुत्तोर्मला कितीदा तरी मागे टाकलं होतं. पण फेब्रुवारीतल्या विजयाला गावात कोण विचारतो? नोव्हेंबरातली पहिली शर्यत जिंकली, की वर्षभर दुकानात ताठ मानेने जाता येतं, आणि ताठ मानेने जायचा तो गुत्तोर्म.

हा गुत्तोर्म कुंपणापलीकडचाच, शाळेपासूनचा सोबती. दोघांनी सत्तरी ओलांडली होती आणि त्या वयोगटात आता दोघेच उरले होते. म्हणजे एक पहिला यायचा आणि दुसरा शेवटचा. मधे कुठे अब्रू झाकायची सोयच नव्हती.

आता गावची रीत अशी, की पहिल्या शर्यतीआधी कोणीही निरोगी नसतं. उन्हाळाभर चाकांच्या स्कीवरून डांबरी घाट चढून घोड्यासारखा झालेला गडीसुद्धा नोव्हेंबरात भेटला, की घशाला हात लावतो. ‘कसं काय?’ विचारावं, तर ‘काही विचारू नकोस, सप्टेंबरपासून सर्दी हटत नाही,’ असं उत्तर येतं. ह्याला कोणी खोटं म्हणत नाही. ही सभ्यता झाली. मी बरा आहे असं सांगणं म्हणजे मी जिंकणार असं सांगणं, आणि तसं बोलणाऱ्याला इथे वाऱ्याला उभं करत नाहीत. गुत्तोर्म तर ह्या कलेतला उस्ताद. एका वर्षी पाठ धरली, एका वर्षी कान फुटला, आणि एकदा तर हा घोट्याला पट्टी बांधून लंगडत आला नि चढावर असा सुटला, की ओडवारला त्याची टोपीसुद्धा दिसली नाही.

त्या शुक्रवारी भुशाखाली जपून ठेवलेला गेल्या हिवाळ्यातला बर्फ उकरून शर्यतीसाठी शेतातून अंथरत होते. तपकिरी शेतात एक मळकट पांढरी पट्टी पडली होती आणि सगळा गाव ती बघायला उभा होता. ओडवारने सकाळपासून एक चांगला खोकला तयार ठेवला होता.

‘काय गुत्तोर्म, तब्येत कशी?’

‘उत्तम,’ गुत्तोर्म म्हणाला. ‘अगदी ठणठणीत. इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.’

ओडवारचा खोकला घशातच राहिला. आजूबाजूच्या दोघातिघांनी चमकून बघितलं, आणि एक जण तर लाजून दुसरीकडे वळला.

घरी आल्यावर त्याने बायकोला, सिग्रुनला, सगळं सांगितलं.

‘बरा आहे म्हणाला, एवढंच ना?’ सिग्रुन म्हणाली.

‘एवढंच? अगं, असं कोणी म्हणतं का?’

‘खरंच बरा असेल.’

‘बरा असेल तर सांगेल कशाला? मला घाबरवायला सांगितलं त्याने!’

‘मग घाबरलास का?’

‘छे!’ असं म्हणून ओडवारने चढावर मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला लावलेलं मेण खरवडून काढलं, दुसरं लावलं, तेही खरवडलं आणि तिसरं लावलं. हवा शून्याच्या आसपास घुटमळत होती. अशा हवेत कोणतं मेण धरेल हे देवालाही सांगता येत नाही. रविवारपर्यंत घरभर मेणाचा वास सुटला होता आणि मेण वितळवून वितळवून सिग्रुनची इस्त्री कपड्यांच्या कामाची राहिली नव्हती.

रविवारी गुत्तोर्म आधी सुटला आणि अर्ध्या मिनिटाने ओडवार. मेण झकास धरलं होतं. पहिल्याच चढावर ओडवारला पुढे लाल टोपी दिसली. आपल्याला भास होतोय असं त्याला वाटलं. पण टोपी जवळ येत गेली.

‘वाट!’ तो ओरडला.

गुत्तोर्म मुकाट्याने बाजूला झाला. एरवी हा माणूस निदान एक शिवी हासडल्याशिवाय वाट देत नसे. पण विचार करायला ओडवारला वेळ कुठे होता? तो जिवाच्या आकांताने पळाला, शेवटची रेघ ओलांडली आणि तिथेच आडवा पडून लहान मुलासारखा हसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी तपकिरी चीज घातलेला व्हाफल, साच्यात भाजलेली जाळीदार गोड पोळी, हातात दिला. असा गोड व्हाफल त्याने जन्मात खाल्ला नव्हता.

दुसरा व्हाफल संपत आला तेव्हा गुत्तोर्म आला. काठ्यांवर भार देत, थांबत थांबत. त्याची बायको बोर्गहिल्ड गर्दीतून धावत आली.

‘डॉक्टर काय म्हणाले होते? गुरुवारी हृदयाचं ऑपरेशन आहे ह्याचं, आणि हा इथे! मला म्हणाला, दुकानात जाऊन येतो!’

‘डॉक्टर म्हणाले, हळूहळू चालायला हरकत नाही,’ बर्फात बसकण मारत गुत्तोर्म म्हणाला. ‘हळूहळूच तर आलो.’

ओडवारच्या हातातला घास हातातच राहिला. ‘तू तर ठणठणीत आहेस म्हणालास!’

‘मग काय सांगणार? जन्मभर खोटी दुखणी सांगितली. खरं आलं तर सांगायला जीभच वळेना.’

ओडवारला भयंकर राग आला. कोणाचा ते त्यालाही कळेना. तो तडक रांदीच्या टेबलापाशी गेला. ती शर्यतीचे निकाल लिहीत होती.

‘माझं नाव खोड. मी वळणावर स्केटिंग केल्यासारख्या आडव्या स्की मारल्या. ह्या शर्यतीत ते चालत नाही.’

‘वळणावर माझा नवरा उभा होता,’ रांदी म्हणाली. ‘तो म्हणाला, इतका नीट पळताना तुला कधी बघितलं नव्हतं.’

‘मग मी शेतातून मधूनच आलो.’

‘शेतात बर्फ कुठे आहे? स्कीला चिखल नको लागायला?’

ओडवारने आपल्या चकचकीत स्कीकडे बघितलं. मग त्या पायात चढवून तो पट्टीवरून खाली उतरला, बटाट्याच्या शेतातल्या चिखलात मनसोक्त नाचला, आणि चिखलाने लडबडलेल्या स्की आणून त्याने टेबलावर आदळल्या.

‘हा बघ चिखल!’

रांदीने स्की बघितल्या, बर्फात बसलेल्या गुत्तोर्मकडे बघितलं, आणि ओडवारचं नाव खोडलं.

ओडवार परत आला तेव्हा गुत्तोर्म त्याच्याकडे बघत होता.

‘गाढवा, जन्मात एकदा पहिली शर्यत जिंकला होतास.’

‘मला तुला हरवायचंय. आजाऱ्याला नाही.’

‘आणि गुरुवारी काही झालं तर?’

‘काही होऊ देऊन तर बघ! तोंड बघणार नाही तुझं,’ ओडवार ओरडला, पण त्याचा आवाज मधेच फाटला.

गुत्तोर्म हसला. मग खाली बघत हळूच म्हणाला, ‘भीती वाटते रे.’

ओडवार त्याच्या शेजारी बर्फात बसला.

‘मलाही,’ तो म्हणाला.