बाड आलं का?

चार लिहिणारी माणसं एकत्र आली, की साहित्यात किती भर पडते ते देव जाणे. किश्श्यांची मात्र रास पडते. आमच्या मंडळींनी तेव्हा लिहिलेलं निम्मं मी विसरलो, पण त्यावर जे बोलणं झालं ते अजून शब्दन् शब्द पाठ आहे! परवा एका मित्राला एक किस्सा सांगायला घेतला, तर त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, दुसऱ्याच्या पाठोपाठ तिसरा. चहा दोनदा गार झाला.

आधी मंडळी कोण ते सांगतो. पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी अमरावतीला तार ऑफिसात होतो, म्हणून सगळे मला तारबाबू म्हणत. दादासाहेब तिथलेच वकील. कुसुमताई अकोल्याला मुलींच्या शाळेत शिकवायच्या. गजानन अकोटचा, घरचा मळा, भाजी आणि फुलं पिकवून बाजारात विकणारं कुटुंब. आणि वामनराव थेट मेळघाटात, धारणीला शाळामास्तर. पाचही जणांना लिहिण्याची खाज, आणि वाचून दाखवावं असं जवळ कुणी नाही!

दादासाहेबांनी तोड काढली. प्रत्येकानं सुट्या कागदांवर लिहायचं आणि कागदाची अर्धी बाजू कोरी सोडायची. ते सगळं कापडात बांधून बसच्या कंडक्टरबरोबर पुढच्या गावी पाठवायचं. तिथल्यानं वाचून कोऱ्या बाजूला आपलं मत लिहायचं, स्वतःचं काही नवं घालायचं, की बाड पुढे. अमरावतीहून अकोला, मग अकोट, मग धारणी, आणि परतवाड्यावरून पुन्हा अमरावती. आमच्यातलं कोणी भेटलं तर 'कसं काय' विचारायच्या आधी आम्ही विचारायचो, "बाड आलं का?"

*

नियम एकच होता. 'छान' हा शब्द लिहायचा नाही.

दादासाहेब म्हणत, "छान तर आपण चहालाही म्हणतो. काय छान, कुठं छान, ते सांगा!"

गजानन आमच्यात सगळ्यात लहान. दादासाहेबांच्या एका लेखापुढे काय लिहावं ते त्याला सुचेना. शेवटी त्यानं लिहिलं, "छान म्हणायचं नाही, म्हणून म्हणत नाही."

दादासाहेबांनी ते वाचलं आणि मला म्हणाले, "पोरगं मळ्यात काय करतंय? वकिलीला यायला हवं होतं!"

*

दादासाहेबांचाच एक मासला. त्यांनी प्रेमकथा लिहिली. आयुष्यभर अर्ज आणि कैफियती लिहिलेला हात! नायिका बागेत नायकाची वाट पाहत असते आणि त्याला निरोप धाडते : "सदरहू विरहाचे कामी मी अत्यंत कष्टी असून, आपण सत्वर येण्याची तजवीज करावी."

बाड अकोल्याला गेलं. कुसुमताईंनी त्या वाक्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं, "ही प्रेमात आहे की अपिलात?"

दुसऱ्या कुणाला राग आला असता. दादासाहेब तो कागद घेऊन बार रूममध्ये गेले, सगळ्या वकिलांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाले, "मंडळी, आज माझी केस उलटली!" मग घरी येऊन कथा पुन्हा लिहायला बसले. नव्या कथेत नायिका एवढंच म्हणते : "या ना."

पुढच्या फेरीत कुसुमताईंनी त्यापुढे लिहिलं, "अपील मंजूर."

*

माझीही पाळी आली. मी समुद्रावर एक लांबलचक कविता केली होती. लाटा, फेस, शिडं, क्षितिज, सगळा सरंजाम!

गजाननानं विचारलं, "तारबाबू, समुद्र कदी पाह्यला काय?"

मी प्रामाणिकपणे लिहून कळवलं, "नाही. कल्पनेनं लिहिलंय."

पुढच्या फेरीत उत्तर हजर : "मंग वडाळीच्या तलावावर लिहा ना! तो तुमच्या गावात हाय, अन् त्याच्यात म्हशी बी बसते."

मला संताप आला. कालचं पोर मला म्हशी दाखवतं! दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. पण मग एका संध्याकाळी सायकल काढली आणि वडाळीला जाऊन काठावर बसलो. खरोखरच एक म्हैस पाण्यातून बाहेर येत होती. तिच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं आणि त्या पाण्यात मावळतीचा लाल रंग उतरला होता. घरी येऊन आठ ओळी लिहिल्या. आजवर मी जे काही लिहिलं, त्यातलं टिकणारं तेवढंच असेल.

गजाननानं त्यापुढे लिहिलं, "आता पानी दिसलं. म्हैस पावली, तारबाबू!"

*

एकदा पावसाळ्यात बाड धारणीच्या वाटेवर अडकलं. रहीमभाई म्हणून एक कंडक्टर होते. बाड बहुधा तेच नेत. नाल्याला पूर आला, गाडी अलीकडेच थांबली. पाणी उतरेस्तोवर करायचं काय? रहीमभाईंनी कापड सोडलं आणि सगळं बाड प्रवाशांना वाचून दाखवलं! नुसतं वाचून थांबले नाहीत. आमची पद्धत त्यांना ठाऊक होती. त्यांनी कोऱ्या बाजूला लोकांचं मतही टिपून ठेवलं.

बाड परत आलं तेव्हा वरच चिठ्ठी होती : "नाल्याले पूर. पब्लिक कंटाळून राहिली होती म्हून वाचलं. गुस्ताखी माफ. पब्लिकचं म्हननं जागच्या जागी लिहलं हाय."

माझ्या कवितेपुढे होतं, "एक म्हातारबा : समजलं काईच नाई, पन आइकाले बरं वाटलं."

त्या फेरीत मी एक कथाही दिली होती. तिच्यात सुनेला पोटच्या लेकीसारखी जपणारी, देवमाणूस अशी सासू होती. तिच्यापुढे रहीमभाईंनी लिहिलं होतं, "मांगच्या सीटवरची एक बाई : अशी सासू दुनियेत नाई."

आणि त्याच्या खाली :

"त्याच सीटवर बसलेली तिची सासू : हाय ना!"

*

आता गजाननाची हकीकत. त्यानं एक कथा लिहिली होती, मळ्यात वालाच्या वेलांची राखण करणाऱ्या एका बाईची. वानरं येतात, ती त्यांना हाकलते, त्यांच्याशी भांडते, आणि भांडता भांडता आपल्या आयुष्याचं सगळं बोलून जाते. ती बाई म्हणजे त्याची आईच होती. आम्ही सगळ्यांनी ती कथा दोन-दोनदा वाचली. कुसुमताईंच्या आग्रहावरून त्यानं ती पुण्याच्या एका मासिकाकडे पाठवली.

संपादकांचं उत्तर आलं : "कथा उत्तम. भाषा शुद्ध करून पाठवल्यास छापू."

आमच्यापैकी एकाचंही तोवर काही छापून आलं नव्हतं. दादासाहेब म्हणाले, "करून टाक. एकदा नाव छापून येऊ दे, मग काय वाट्टेल ते लिही." मीही तेच म्हणालो. वामनरावांनी मात्र धारणीहून लिहिलं, "घाई करू नका. आधी जिची कथा आहे, तिला वाचून दाखवा."

गजाननानं बसून सगळी कथा शुद्ध केली. मुळात ती बाई वानराला ओरडते, "काऊन रे मुडद्या, तुह्या बापाचा वाल हाय काय?" शुद्ध प्रतीत झालं, "का रे मेल्या, हा वाल तुझ्या वडिलांचा आहे काय?"

मग आईला समोर बसवून त्यानं दोन्ही प्रती वाचल्या. पहिली ऐकताना आई पदर तोंडाला लावून हसली, मधेच डोळे पुसले. दुसरी ऐकताना नुसती पाहत राहिली. वाचून झाल्यावर म्हणाली, "थे पह्यली तं मी होती. हे दुसरी कोन बाई व्हय रे? वानराच्या बापाले वडील म्हनते!"

गजाननानं मूळ प्रतच परत पाठवली. ती छापून आली नाही. त्याला वाईट वाटलं, वाटणारच. बरेच दिवस त्यानं बाडात काही घातलं नाही. कुसुमताईंनी ती कथा स्वतःच्या हातानं उतरवून घेतली आणि शाळेत ऑफ तासाला मुलींना वाचून दाखवली. वर्ग हसून हसून बेजार झाला. आणि मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पुस्तकात आमच्यासारखं बोलता येते?"

कुसुमताईंनी हे गजाननाला पत्रानं कळवलं. पुढच्या बाडात त्याच्या दोन कथा होत्या.

*

कुसुमताई स्वतः मात्र भाषेला जरा सोवळं नेसवून लिहायच्या. त्यांच्या एका कथेतली मोलकरीण उन्हातून येते आणि 'जल' मागते. गजाननाला ते खटकलं. पण ताई वयानं मोठ्या, त्यात मास्तरीण! बाड त्याच्याकडे नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिलं. शेवटी त्यानं धीर करून लिहिलं, "ताई, राग नका मानू. तुमची हे बाई आमच्या अकोटले आली तं तहानेनं मरंन. जल म्हंजे काय, थे कोनाले समजनारच नाई."

बाड फिरून अकोल्याला आलं, ताईंनी वाचलं, आणि कुणाला काही बोलल्या नाहीत. गजानन घाबरला. मला लिहिलं, "तारबाबू, ताई नाराज झाल्या असंन."

त्या रविवारी तो मळ्यात पाणी देत होता. अकोल्याची बस येऊन गेली होती. पाहतो तर बांधावरून छत्री घेतलेल्या कुसुमताई येताहेत! तो हातातलं फावडं टाकून धावला. नमस्कार करायला वाकणार, तेवढ्यात ताई लांबूनच ओरडल्या :

"गजानन! आधी पानी दे रे बाप्पा!"

*

वामनरावांबद्दल मी फारसं बोललो नाही. माणूसच तसा होता, मागे राहणारा. पण आमच्या लिखाणावर सगळ्यात मन लावून कोण लिहीत असेल, तर ते. एकेका वाक्यापाशी थांबायचे. त्यांच्या घरच्या कुणालाच आम्ही पाहिलेलं नव्हतं. धारणी म्हणजे तेव्हा दुसरा मुलूख. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की ना माणूस यायचं, ना खबर.

एका वर्षी पावसाळ्यानंतर बाड आलं, त्यात वामनरावांची मतं होती, त्यांचं स्वतःचं लिखाण नव्हतं. सवड झाली नसेल, असं आम्ही धरून चाललो. दिवाळीच्या सुटीत आम्ही दरवर्षी एकदा प्रत्यक्ष भेटत असू. त्या वेळी अकोल्याला कुसुमताईंकडे जमलो होतो. दुपारची वेळ, अंगणात सतरंजी, मधे चिवड्याचं ताट. वामनराव म्हणाले, "एक कथा आणली आहे. बाडात घातली नाही. वाचूनच दाखवतो."

एका खेड्यातला मास्तर आणि त्याची बायको रमा. कथेत घडत काहीच नव्हतं. रमा संध्याकाळी कंदिलाची काच पुसताना गुणगुणते. वह्या तपासणाऱ्या नवऱ्याच्या खांद्यावरून डोकावून म्हणते, "द्या की त्याला पास करून, बिचारा रोज आपल्याकडे फुलं आणून देतो!" चहात साखर जास्त पडली, की "शाळेत वाटून या" म्हणते. आम्ही सगळे हसत होतो. आणि एकदम शेवटच्या चार ओळींत तिला ताप येतो, नाल्याला पूर असतो, गाडी बंद असते, आणि ती जाते.

वामनराव थांबले. कुसुमताई नेहमीप्रमाणे पहिल्या बोलल्या.

"वामनराव, तुमचं हे सगळ्यात सरस लिखाण. रमा तर समोर उभी राहिली. पण शेवट मला पटला नाही. अशी हसती-बोलती बाई तुम्ही चार ओळींत मारून टाकली! आधी काही खूण नाही, तयारी नाही. वाचकाला हे खरं कसं वाटावं?"

"बरोबर आहे," दादासाहेब म्हणाले. मीही मान हलवली.

वामनरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि हातातच धरून ठेवला.

"खरं आहे ताई," ते म्हणाले. "मलाही अजून पटलेला नाही. पण झालं ते तसंच. श्रावणात."

गजाननाचा हात ताटावरच राहिला.

कुसुमताई उठल्या. आत गेल्या, पाण्याचा तांब्या आणून वामनरावांच्या जवळ ठेवला आणि त्यांच्या समोर खाली बसल्या.

"वामनराव," त्या म्हणाल्या, "पुन्हा वाचा. पहिल्यापासून."

त्यांनी चष्मा लावला, कागद नीट जुळवले आणि वाचायला सुरुवात केली. मी शेजारीच बसलो होतो. मला कागद दिसत होता. जिथं जिथं 'रमा' लिहिलेलं होतं, तिथं तिथं या वेळी ते 'सिंधू' वाचत होते.