मोकळ्या फायबरांची चाचणी

“दौंडला जाणाऱ्या केबलमधली चोवीसपैकी बारा फायबर मोकळी पडलीत, मॅडम. तुमचं मशीन घेऊन काय करू?” शिरूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधले जगदाळे साहेब नकाशावर बोट ठेवून म्हणाले.

मुद्दा बिनतोड होता. आमचं मशीन एकाच फायबरमधून प्रकाशाचे अनेक रंग पाठवायचं आणि प्रत्येक रंगावर वेगळा डेटा जायचा. पुण्यात त्याला मागणी होती, कारण तिथे नवी केबल टाकायला रस्ता खोदू देत नव्हते. छोट्या शहरांत ते खपेल का, हे मला शोधायचं होतं. खपणार नसेल तर आमची तिघांची टीम बंद होणार, हे बॉसने आधीच सांगितलं होतं.

“एक्स्चेंज वाढतंय, औद्योगिक वसाहतीतले कारखाने डेटा लाइन मागतायत,” मी म्हटलं. “ती बारा वापरायला काढाल, तेव्हा चालतील ना?”

“नवीकोरी आहेत.”

“तपासू?”

“तपासा. चहा होईपर्यंत होईल.”

ओटीडीआर हे तपासणीचं यंत्र. ते फायबरमध्ये प्रकाश सोडतं आणि परत आलेल्या प्रकाशावरून फायबर कुठवर शाबूत आहे ते दाखवतं. पहिलं फायबर न्हावऱ्याच्या अलीकडेच संपलं. दुसरंही तिथेच. बाराही तिथेच संपली. दौंडपर्यंत एकही पोचत नव्हतं. चालू फायबर मात्र ठणठणीत.

जगदाळे साहेबांनी केबल जोडणाऱ्या आप्पांना बोलावलं.

“आप्पा, मोकळी फायबर न्हावऱ्याला का संपतात?”

“उसाला पाइपलाइन टाकताना जेसीबीनं केबल तोडली व्हती, सायेब. वरनं तुमचाच फोन, लाइन चालू करा, लाइन चालू करा. तवा जेवढी चालू व्हती तेवढीच जोडली. बाकीची नंतर बघू म्हटलं.”

“मग नंतर?”

“ते नंतर अजून आलं न्हाई.”

साहेब हसले नाहीत. “न्हावऱ्याचं सोडा. पुढे?”

“पुढंबी तसंच. दौंडपातूर जिथं जिथं तुटली, तिथं तिथं.”

“मग आता जोडून टाका.”

“जोडतो की. पर जोडाच्या त्याच डबीत चालू फायबर हायती. उघडताना एखादी गेली तर कारखान्यांच्या लाइनी बंद. तुमी लेखी देताय का?”

साहेबांनी लेखी दिलं नाही. चालू जॉइंटला हात लावायचा नाही, हा त्यांच्या खात्यातला सर्वांत कडक नियम होता, आणि तो कुठेच लिहिलेला नव्हता.

“तुमचं मशीन चालू फायबरवर बसतं?” त्यांनी मला विचारलं.

“बसतं. दोन्ही टोकांना थोडा वेळ लाइन बंद ठेवावी लागेल. मधल्या डब्या उघडायच्या नाहीत.”

चहा गार झाला होता. त्यांनी तो तसाच प्यायला आणि शिरूर-दौंडसाठी कोटेशन मागितलं.

ऑर्डर आली आणि टीम राहिली. बॉसने रिपोर्ट वाचून विचारलं, “तिथे केबल भरलेली नव्हती, मग मशीन खपलं कसं?” मी सांगितलं, कागदावर ती अजूनही अर्धी रिकामीच आहे. त्यानंतर कुठल्याही गावी गेले, की मोकळी फायबर किती हे मी विचारत बसले नाही. आधी त्यांतून प्रकाश सोडायचा, मग मागणीचा अंदाज बांधायचा.