शाळेच्या कुंपणाची पिवळी फळं

आमच्या शाळेचं ड्युरांटाचं कुंपण मी लावलं आणि मीच वाढवलं. एवढं दाट, की आत शिरलेल्या वाऱ्याला पलीकडे निघायला दोन दिवस लागायचे. शिरड शहापूरपर्यंत त्याला तोड नाही, असं मी सांगत फिरायचो. शाळेच्या शिपायाला फुशारकी मारायला दुसरं असतं तरी काय!

या झाडाचं फूल निळं-जांभळं, फांदीच्या शेंड्याला लोंबणारं. कात्री सतत फिरली की शेंडाच उरत नाही, मग फूल नाही अन् फळही नाही. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत कात्री खुंटीला. परत येऊन बघतो तर कुंपणभर हरभऱ्याएवढ्या पिवळ्याधमक फळांचे घोस. फळाभोवती फुलाच्याच देठाकडचं आवरण लपेटलेलं, टोकाला चोचीसारखा बाक. बुलबुल खुशाल खायचे. रोपवाटिकेवाल्याने मात्र बजावलं होतं, पाला आणि फळ दोन्ही जनावराला विष.

मी कुंपण छाटलं, ढीग फाटकाबाहेर टाकला. समोर धनगराघरची एक म्हातारी राहायची, एकटी; सारे तिला मावशी म्हणायचे. कळप विकला तेव्हा एक शेळी तिने मागे ठेवली होती. ती आता गाभण होती, आणि तिच्या पिल्लांवर पुन्हा कळप उभा करायचा मावशीचा बेत होता.

"एवढा हिरवा पाला फेकून देऊन राहिला काहून रे?"

"हात लावू नको, मावशी! यातलं एक फळ खाल्लं तर हत्ती आडवा होतो, सोंडेसकट!"

"मागं विहिरीत मगर दिसली होती तुला. निघाली घोरपड."

"विषारी हाय, खरंच."

"व्हय, व्हय. तुझ्या रुपयातले चार आणे धरावे, सारं गाव तसंच करतं."

गावाचं काही चुकत नव्हतं. हत्तीचे चार आणे केले तर शेळीचं पोट जरा बिघडेल, एवढंच उरतं. हत्ती वगळून पुन्हा एकदा सांगायला हवं होतं. पण घोरपडीचा राग आला होता, मी चहाला निघून गेलो.

ताज्या पाल्याला शेळीने तोंड लावलं नसतं. रात्रीतून तो कोमेजला, त्याचा उग्र वास गेला, आणि सकाळी मावशीने पाटीभर पुढे टाकला. दुपारी शेळी आडवी, तोंडाला फेस, पोट नगाऱ्यासारखं. जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "किती खाल्लं?"

"पाटीभर," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मावशीकडे पाहिलं.

"बराबर हाय," ती म्हणाली. "आज खरं बोलून राहिला तो."

दिवस मावळायच्या आत शेळी गेली. डॉक्टरांनी पोट चाचपलं, मला बाजूला घेऊन सांगितलं, "दोन होती. दोन्ही गेली."

विषाचं जनावर, कातडंही काढायचं नव्हतं. मी खड्डा खणला. मावशी काठावर बसून माती चुरत होती.

"डॉक्टर काय म्हणाला? किती होती पोटात?"

"एकच," मी म्हणालो, आणि माती लोटली.