मंगळवारची सुट्टी

गेल्या उन्हाळ्यात धसईच्या बाजारात आम्ही एक पत्रक वाटलं. मजकूर माझाच होता. वीटभट्टीवरच्या मजुरांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळालीच पाहिजे, असं वर मोठ्या ठशात छापलेलं. ज्यांच्यासाठी छापलं त्यांतल्या थोड्यांनाच वाचता येत होतं, म्हणून मी पारावर उभा राहून मोठ्यानं वाचून दाखवलं. वाटलं, आता टाळ्या पडणार. कसल्या टाळ्या! माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. एका म्हाताऱ्यानं विडी विझवून कानावर ठेवली आणि म्हणाला, "सुट्टी मागायची कशाला, बाबा? ती तर मालक न मागता देतो."

सगळे हसले. मीही हसलो, पण मला हे आधी सुचायला हवं होतं. आमच्या वाड्यांवर सुट्टी या शब्दाचा अर्थ एकच आहे. मुकादम संध्याकाळी येतो, बोट दाखवतो. तू, तू आणि तुझी बायको, उद्यापासून सुट्टी. कारण सांगत नाही. दुसऱ्या दिवशी चूल पेटेल की नाही, हे ज्याचं त्यानं बघायचं. हा अर्थ मला माझ्या आईनं काही वर्षांपूर्वी एका मंगळवारी नीट शिकवला होता, तोही मुंबईत, मजा करायला गेलो असताना.

आमची वाडी सापगावच्या पुढे, गावाच्या कडेला. जमीन नाही. बाप मी लहान असतानाच गेला. दरवर्षी दिवाळी झाली की आई आम्हा दोघा भावांना घेऊन भट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडाला परत यायची. पुढे मला शहापूरच्या वसतिगृहात जागा मिळाली आणि दादा मुंबईला एका बर्फाच्या कारखान्यात लागला. ते वर्ष वेगळं होतं. त्या वर्षी आई पहिल्यांदा भट्टीवर गेली नाही. दादा घरी पैसे पाठवत होता आणि मी दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो. मे महिन्यात दादाचा निरोप आला की आईला चार दिवस मुंबईला घेऊन ये, तिला शहर दाखवतो.

दादा भायखळ्याला एका चाळीत, गावाकडच्या इतर माणसांबरोबर एका खोलीत राहायचा. आम्ही सोमवारी संध्याकाळी पोचलो. मंगळवारी सकाळी खोलीतली बाकीची माणसं डबे उचलून कामावर गेली. दादा मात्र पाय पसरून चहा पीत बसला होता.

"आज माझी सुट्टी," तो म्हणाला. "चला, तुमाला मुंबई दाखवतो."

आई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. दादा दाढी करायला खाली गेला, तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं.

"ऐकलंस? दादाला सुट्टी दिली."

"अगं आये, सुट्टी म्हंजे आमच्या शाळेला असते तशी."

"शाळेला रविवारी असते. आज मंगळवार. बाकीचे सगळे गेले, यालाच एकट्याला कशी?"

कारखाना, पाळी, आठवड्याची रजा, यातलं तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. भूगोल ठाऊक होता.

"मग इचारू का त्याला?"

"खबरदार. पोराला लाज वाटल. आपणहून सांगल तो."

आता मीही हिशेब मांडला. दादाचं काम सुटलं, तर दिवाळीनंतर आई पुन्हा भट्टीवर जाणार. एकट्या बाईला मुकादम घेत नाही. माती मळायला कुणी, विटा पाडायला कुणी, असं जोडीनं माणूस लागतं. म्हणजे तिच्याबरोबर मी. म्हणजे अकरावी नाही. एवढा हिशेब करायला मला अकरावीची गरज नव्हती.

त्यानंतर तो सगळा दिवस आम्ही मजा केली. तशी ती मजाच होती. दादानं आम्हाला राणीच्या बागेत नेलं. हत्ती दाखवला, माकडं दाखवली. माकडांच्या पिंजऱ्यासमोर आमच्या मुकादमाची नक्कल करून दाखवली. एरवी आई पदर तोंडाला लावून हसली असती. आता ती मला हळूच म्हणाली, "बघ कसा हसवतोय आपल्याला. आतून जळत असंल त्याचं."

झाडांच्या सावलीत, हिरवळीवर, भर दुपारी माणसं आडवी झालेली. कुणी तोंडावर रुमाल टाकलेला, कुणी डोक्याखाली चपला घेतलेल्या. धडधाकट माणसं. आई बघतच राहिली.

"इतक्यांना सुट्टी?" ती म्हणाली.

पलीकडे एक कुटुंब डबा सोडून बसलं होतं. बाई पुऱ्या वाढत होती. जेवण झाल्यावर तिचा नवरा ढेकर देऊन म्हणाला, "चला, आता जरा पडू या." पांढराशुभ्र सदरा, मनगटाला घड्याळ. आईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "याची आताच झालेली दिसते. कापडं बरी हायेत अजून."

त्या दिवशी मला हे ऐकून हसू आलं नाही. आज येतं, आणि लगेच रागही येतो. बागेत कारंजं उडत होतं. ते पाणी कुठलं, तर आमच्या तानसा तलावाचं. त्या पाण्याचा लोखंडी नळ आमच्या मुलखातून माणसापेक्षा उंच होऊन जातो, आणि त्याच नळाच्या कडेला आमच्या बाया मे महिन्यात डबक्यातलं पाणी वाटीनं भरतात. तेच पाणी पुढे दादाच्या कारखान्यात गोठतं आणि शहराच्या सरबतात पडतं. यावर मी पुढे पत्रक लिहिलं. त्या दिवशी मात्र मी कारंज्याकडे धड पाहिलंही नाही. मी दादाचं तोंड वाचत होतो.

दादानं शेंगा घेतल्या. आईनं आपल्या वाट्याच्या शेंगा पदराच्या गाठीत बांधल्या.

"खा ना गो आये."

"खाते रे. दात ठणकतोय."

मग ट्राम. मग चौपाटी. ऊन उतरत होतं आणि वाळूवर माणसंच माणसं. बायका, मुलं, म्हातारे, सगळे समुद्राकडे तोंड करून नुसते बसलेले. मुरबाडच्या बाजाराच्या कडेला आमची माणसं अशीच ओळीनं उकिडवी बसतात. मुकादम येतो, दंड चाचपतो, निवडून नेतो. आईनं दुसरीकडे कुठे इतकी माणसं रिकामी बसलेली पाहिलीच नव्हती.

"यांचा मुकादम कुठनं येतो?" तिनं विचारलं.

"कसला मुकादम?" दादा म्हणाला. "हवा खायला आलेत सगळे."

"घरी हवा नाय त्यांच्या?"

"नाय ना. तीच तर गंमत आहे."

तो आम्हाला गोळेवाल्याच्या गाडीपाशी घेऊन गेला. गोळेवाला रंध्यावर बर्फ किसत होता. दादानं बर्फाच्या लादीला ओळखीच्या म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तशी थाप मारली आणि म्हणाला, "आमच्या कारखान्याचा असंल."

आईला ते सहन झालं नाही.

"आमच्या म्हनतोस अजून?"

"मग काय म्हनू?"

"लपवू नको रे. मी काय मरत नाय त्यानं. कधी दिली सुट्टी? तू सांगितलंस तर मी गेल्या गेल्या मुकादमाला भेटते. दुसऱ्या कुणाच्या आधी आपला शब्द टाकलेला बरा. हा येईल माझ्यासंगती," तिनं माझ्याकडे बोट केलं, "तू पायजे तर काम बघ इकडंच."

म्हणजे माझी अकरावी तिनं सकाळीच सोडून दिली होती. मला न विचारता, आणि माझ्याइतकंच घाबरत.

दादाला समजायला जरा वेळ लागला. मग तो इतका हसला की वाळूत बसला. "अगो, सुट्टी म्हंजे तशी नाय. कारखाना बंद नसतो, मग ज्याला त्याला आठवड्याचा एकेक वार वाटून दिलाय. माझा मंगळवार. आराम करायचा. उद्या परत कामावर."

माझा जीव भांड्यात पडला. मी गोळा चोखायला सुरुवात केली. आई मात्र तशीच उभी. तिच्या हातातल्या गोळ्याचं लाल पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं.

"उद्या जायचं?"

"उद्या जायचं."

"आन तुझ्या जागी आज कोन हाय?"

"असतो एकजण. गेटवर काम मागायला उभे असतात, त्यांतला."

"उद्या तोच राहिला तर?"

दादाचं हसू ओसरलं. त्यानं वाळूची मूठ भरली, सोडली. "मी बदलीवर आहे, आये. कायम नाय केलं अजून. उन्हाळा आहे तवर बर्फ लागतो." मग म्हणाला, "बुधवारी मी गेट उघडायच्या आधी जाऊन उभा राहतो. दर बुधवारी."

"आन उन्हाळा सरल्यावर?"

"तवा बघू."

दोघंही समुद्राकडे तोंड करून बसली, बाकीच्या माणसांसारखी. लांबून कुणाला वाटलं असतं, हवा खातायत.

कामगाराला विश्रांती मिळते, असं मोठमोठ्या सभांतून सांगणाऱ्यांना मला एकच विचारायचं आहे. ज्या विश्रांतीच्या दिवशी आपल्या जागेवर दुसराच उभा असतो, तिला तुम्ही विश्रांती म्हणता, मग धास्ती कशाला म्हणता? माझी आई अडाणी होती. मंगळवार कोणता, रविवार कोणता, एवढं तिला कळत होतं. पण कारखान्याच्या भाषेत चुकलेली ती बाई भट्टीच्या भाषेत चुकली नव्हती.

बुधवारी सकाळी दादा निघाला, तर आईही निघाली. "मला गेट बघायचंय," एवढंच म्हणाली. दादा नको नको म्हणत होता, मित्रांत हसं होईल म्हणून. तिनं ऐकलं नाही.

गेटाबाहेर बरीच माणसं आधीच उभी होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आत भोंगा झाला, छोटं दार उघडलं, रखवालदार एकेक तोंड बघून आत घेऊ लागला. दादानं मागे वळून पाहिलं नाही. रखवालदारानं त्याच्याकडे पाहिलं, बाजूला पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. माझ्या शेजारी आई टाचा उंचावून बघत होती. मग दादाचं डोकं आत गेलं. आणखी काही गेले. दार लागलं. उरलेली माणसं तशीच दाराकडे बघत राहिली आणि मग एकेक करून पांगली.

कारखान्याच्या भिंतीखालून वितळलेल्या बर्फाचं पाणी गटारात न जाता फूटपाथच्या कडेनं वाहत होतं. आई तिथेच सावलीत टेकली आणि दोन्ही पाय त्या पाण्यात सोडले.

"गार आहे रे," ती म्हणाली.

"आये, चल. लोक बघतात."

"बस जरा. घाई काय आपल्याला?"

मुंबईत आल्यापासून पहिल्यांदाच ती पाठ टेकून बसली. तिनं पदराची गाठ सोडली, कालच्या शेंगा मांडीवर घेतल्या आणि एकेक फोडून खायला लागली. दात ठणकत नव्हता. समोरून ट्रामा जात होत्या, त्या ती बघत होती.

गेटावर उरलेल्यांतला एकजण, दादाच्याच वयाचा, रिकामा डबा हातात घेऊन आमच्यापासून थोड्या अंतरावर येऊन बसला. त्यानंही पाय पाण्यात सोडले. आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग मूठभर शेंगा त्याच्यापुढे केल्या.

"सुट्टी?" तिनं विचारलं.

"हां, मावशी," तो म्हणाला, आणि त्यानं हात पुढे केला.