आत्याबाईंचं बटण

एका खोक्यापायी घरात किती गोष्टी साचाव्या. टीव्हीला जोडलेला तो खोका घरात होता तवर बाहेर बोलायची मनाई होती. आता नेला, म्हणून सांगते.

कोण काय बघतं ते चॅनलवाल्यांना कळावं म्हणून निलंग्यातल्या आमच्या घरी तो बसवला होता. टीव्हीपुढं बसलं की आपलं बटण दाबायचं, दिवा लागायचा. उठलं की बंद करायचं. मामंजी एक नंबर, मालक दोन, सासूबाई म्हणजे आमच्या आत्याबाई तीन, मी चार. बाप्ये आधी, बाया मागून. इथंबी.

तेव्हाच चॅनलनं दुपारी एक जुनी मालिका परत लावली. विहिरीत ढकललेली सून भूत होऊन आपल्या लेकराला बघायला येते, ती. पहिल्यांदा लागली होती तेव्हा नेमका शेवटचा महिनाभर गावाला लाईट नव्हती. भूत लेकराला भेटलं का, हे आत्याबाईंना कळलंच नाही. गल्लीत जिनं तिनं वेगळा शेवट सांगितला.

"आता बघितल्याबिगर मरत न्हाई," त्या म्हणायच्या. हृदय थकलंय, हे त्यांनाही ठाऊक होतं.

*

समोरच्या बांगड्यावाल्या रशीदाबी रोज बघायला यायच्या. त्या आल्या की मी पाहुण्याचं बटण दाबायची. एकदा त्यांनी विचारलं, "ये किसका?" मी सांगितलं.

"इत्ते सालां होगए, अब्बी मेहमानीच हूं क्या मैं?"

तरी दाबलं. नियम म्हणजे नियम.

*

भूत लेकराजवळ घुटमळायचं तवर आमची खोली भरलेली असायची. मग मालिकावाल्यांनी भुताच्या नवऱ्याला दुबईला नेलं. दुसरी बाई, गाणी. रशीदाबी उठल्या, मी धुण्याला लागले. खोक्यावर एकटा तीन नंबर.

मालक म्हणाले, "कुणी बघितलं न्हाई तर काढून टाकतेत मालिका."

दुसऱ्या दिवशी आत्याबाई एकट्याच बसलेल्या आणि खोक्यावरचे सगळे दिवे लागलेले. पाहुण्याचाही.

"आत्याबाई, मामंजी तर बाहेर गेलेत."

"जाऊ दे. भुताला माणसं लागतेत."

खोटं मला खपत नाही. त्यांचं सोडून एकेक बटण बंद केलं. मग खाली बसले, माझं दाबलं आणि दुबई बघितली.

*

तांत्रिकानं भुताला बरणीत कोंडलं, त्या दिवशी आत्याबाईंनी खोक्याची वायरच उपटली. मला लावू देईनात. मग लातूरहून खोक्याचा माणूस आला.

"मावशी, काही बिघाड झाला का?"

"झाला. मेलेल्या बाईला बरणीत कोंडलं. ते नीट करा, मग लावते."

तो चहा प्याला. जाताना म्हणाला, "काढतेत मावशी तिला बाहेर. माझ्या आईनं बघितलंय."

वायर लागली.

*

पुढं आत्याबाईंना उठवेना. आतल्या खोलीत बाजेवर पडून आवाज तेवढा ऐकायच्या.

"माझं दाबलं का?"

"न्हाई. तुम्ही नुसतं ऐकायलात, बघत न्हाई."

मग म्हणाल्या, "मग बघू दे की मला."

मी आणि रशीदाबींनी त्यांच्यासकट बाज उचलून टीव्हीपुढं आणली. मग दाबलं.

*

मामंजींनी ही मालिका कधी बघितली नाही. सुरू झाली की टोपी घालायची आणि बाहेर. "मेलेलं माणूस परत येत नसतं," एवढंच म्हणायचे.

शेवटचा भाग लागायच्या आधीच आत्याबाई गेल्या. दहावं व्हायचं होतं. मी टीव्ही लावणार नव्हते. त्या दुपारी मामंजींनी लावला. वाकून तीन नंबर दाबला, टोपी काढली आणि बाजेवर बसले. रशीदाबी दारातच थांबल्या.

मी म्हणाले, "मामंजी, तुमचा एक नंबर हाय."

"ठाऊक हाय."

भूत विहिरीतून वर आलं. अंगणात लेकरू खेळत होतं, त्यानं मान वर केली. मामंजी जरा सरकले, शेजारी एका माणसाची जागा केली आणि म्हणाले, "भेटलं बघ."