रेडिओ काका गप्प बसतात

सलूनवाल्या काकांना सगळी गल्ली 'रेडिओ' म्हणायची, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं रे टेकलं की यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. बिचाऱ्याच्या गळ्याभोवती कापड बांधलेलं, पळणार कुठे?

एक मात्र पळायचा. समोरच्या आजीबाईंचा तिशीतला मुलगा. गोंगाट, उग्र वास, अवचित झालेला स्पर्श त्याला सोसत नसे, जन्मापासून तसाच. लोक तऱ्हेवाईक म्हणत. म्हणोत, लोकांच्या जिभेला हाड थोडंच असतं! त्याचे केस आई घरीच कापायची. पण आता तिचा हात थरथरू लागला होता, आणि परवा कात्री त्याच्या कानाला लागली. ती माउली काकांसमोर येऊन रडली. माझ्यामागे याचं कसं व्हायचं, एवढंच तिचं म्हणणं.

काकांनी ते फारच मनावर घेतलं. घुंघुं करणारं मशीन कपाटात गेलं. वासाची पावडर बंद. आरशावर चादर. दुपारी दुकान फक्त त्याच्यासाठी उघडं. आणि आपण काय काय केलंय ते हा गृहस्थ त्याला साग्रसंगीत ऐकवत बसला! तो कापड झटकून पळाला. पुन्हा आला, पुन्हा पळाला. काकांनी खुर्चीसुद्धा बदलली, पण उपयोग शून्य.

शेवटी वैतागून काका त्याच्या आईला विचारायला निघाले, की याला नेमकं खुपतं तरी काय. दार त्यानेच उघडलं. ह्याला स्वतःला आपण कधी विचारलंच नाही, हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यालाच विचारलं.

"तुमचं बोलणं," तो म्हणाला. "त्यात कात्री ऐकू येत नाही. कुठून येईल कळत नाही."

काखेत कळसा नि गावाला वळसा! काका ओशाळले, पण रागावले नाहीत, म्हणून तर ते मला आवडतात. दुसऱ्या दिवशी तोंडाला कुलूप लावून कामाला लागले. ज्या बाजूचे केस कापायचे त्या बाजूला कात्री आधी हवेत वाजवायची, मग केसांना लावायची. गल्लीभरच्या बातम्या घशाशी येत होत्या, त्या गिळत होते. डबा घेऊन आलेल्या काकू ती शांतता बघून यांना बरं नाही की काय म्हणून धास्तावल्या. तो मात्र बसून राहिला, पार शेवटपर्यंत. दारात उभी आई पदराने डोळे पुसत होती.

कापड काढलं तरी तो उठेना. खुर्ची काकांकडे वळवून म्हणाला, "झालं ना? आता बोला. मी ऐकतो."

आणि काकांना काही म्हणता काही सुचेना.